झाकण लावू नका

माझं आणि मामाचं दोन वर्षं एका आवाजावरून भांडण चाललं. आवाज म्हणजे गाणं नव्हे. गरम तव्यावर पाण्याचे थेंब पडले की जसं तडतडतं, तसं स्पीकरमधून यायचं, आणि यायचं तेही नेमकं मामाचा सूर वर टेकला की. मामा त्याला खरखर म्हणायचा. "आली पाह्य तुही खरखर," असं. तुही! जशी काही मीच ती घरून डब्यात भरून आणली होती.

मामाची गायन पार्टी आहे. गातो तो, कोरसला मामी, ढोलकीवर त्याचा जुना दोस्त, ज्याला आम्ही सगळे काका म्हणतो, आणि चौथी मी. मी लहानाची मोठी मामाच्याच घरी झाले, म्हणून त्याला अरेतुरे करते आणि भांडतेही तशीच. मामा एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होता, आता रिटायर आहे. मी बुलढाण्यात कॉम्प्युटरच्या क्लासवर शिकवते. सुट्टीच्या दिवशी जयंतीची, विहाराची, लग्नाची गाणी घेऊन आम्ही चिखलीपासून देऊळगाव राजापर्यंत फिरतो, आणि मी लॅपटॉपवर वाजवते.

वाजवते. हा शब्द नीट वाचा, कारण ऐकणाऱ्यांना तो कधीच ऐकू येत नाही. माझ्यासमोर चार सप्तकांचा कीबोर्ड असतो. त्याला स्वतःचा आवाज नाही. मी पट्टी दाबली की पेटी, व्हायोलिन, बासरी, खालचा बेस, जे काय हवं ते लॅपटॉपमध्ये तिथल्या तिथे तयार होतं. मी हात उचलला की सगळं बंद. इतकी साधी गोष्ट आहे. आणि कार्यक्रम संपला की लोक येऊन काय विचारतात? "ताई, ट्रॅक कोणाकडून बनवून घेतला?" तळपायाची आग मस्तकात जाते माझी. काकांना कोणी विचारतं का, की ढोलकी कुठून भरून आणली?

आता ही खरखर का होते ते सांगते. लॅपटॉप तो सूर तयार करून एकदम पाठवत नाही, छोटे छोटे घास करून स्पीकरकडे पाठवतो. पंगतीत वाढणाऱ्यानं पान रिकामं व्हायच्या आत पोळी आणावी लागते, तसं. प्रोसेसर दमला आणि एक घास उशिरा पोचला की मध्ये खड्डा पडतो. तो खड्डा म्हणजेच खरखर. मग घास मोठे करावेत, म्हणजे प्रोसेसरला जरा श्वास मिळतो. पण तसं केलं की मी पट्टी आता दाबते आणि आवाज मागून येतो. मी ते करून पाहिलं होतं. कोणाला कळणार नाही असं वाटलं. मामानं दुसऱ्याच ओळीला गाणं थांबवलं आणि म्हणाला, "तू मांगून येऊन राह्यली." काय कान आहेत त्या माणसाचे! राग आला तरी कबूल करावं लागतं.

आणि हाच माणूस मला सांगणार, व्हायोलिनं आणखी भरीव पाहिजेत, बासरी पण सोबत राहू दे, खालून तो घुमणारा आवाज, म्हणजे बेस, तोही पाहिजे. सगळं एका वेळी, आणि तेही त्याचा सूर वर गेला की, जेव्हा मला पट्ट्याही सगळ्यात जास्त दाबाव्या लागतात. माझा लॅपटॉप सेकंडहँड, आठ जीबीचा. व्हिडिओत शिकवणारे शहाणे पहिल्याच मिनिटाला सांगतात की चांगला लॅपटॉप घ्या. वा रे वा, मला हे सुचलंच नव्हतं!

म्हणून मी जे केलं ते असं. जड व्हायोलिनं घरी एकेक सूर वाजवून रेकॉर्ड केली आणि ते तुकडेच कीबोर्डवर बसवले, म्हणजे प्रोसेसरला सूर बनवायचा त्रास नाही, नुसता साठवलेला काढून द्यायचा. प्रत्येक वाद्याला वेगळी घुमक होती, म्हणजे रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो तसा परिणाम, ती काढून सगळ्यांत मिळून एकच ठेवली. एका वेळी सोळाच सूर वाजतील अशी हद्द घातली. वायफाय बंद, अँटीव्हायरस बंद. वीज वाचवण्याची सोयही बंद, म्हणजे प्रोसेसर पूर्ण जोरात चालत राहील. स्क्रीनच्या कोपऱ्यात किती लोड आहे ते दाखवणारा मीटर असतो. गाणं चालू असताना लोक माझ्या हातांकडे बघतात, मी त्या मीटरकडे बघत असते. चाळीसला असला तर देव भेटल्यासारखं वाटतं, सत्तरला गेला की हाताला घाम सुटतो.

पेटीचा आवाज तर मामाच्याच पेटीचा आहे. तिचा भाता इतक्या वेळा सांधला होता, की शेवटी मामानंच हात टेकले. ती पुरती बंद पडायच्या आधी एका दुपारी मी एकेक पट्टी दाबून सगळे सूर रेकॉर्ड करून घेतले. मामा तेव्हा दारात बसून होता. त्यानं विचारलं नाही की हे काय चाललंय. आणि मीही सांगितलं नाही. सांगून काय उपयोग, त्याला काय कळणार, असंच माझ्या डोक्यात होतं.

मामाचा एक नियम मात्र आम्हां सगळ्यांना तोंडपाठ आहे. वाद्य उघडं सोडायचं नाही. पेटीवरून पाणी प्यायला उठला तरी तो आधी तिच्यावर कापड टाकायचा. काका चहाला गेले की ढोलकीवर खोळ. एकदा एका मांडवात मी काकांची ढोलकी तशीच उघडी ठेवून उठले, तेव्हा चारचौघांत मला असं झापलं होतं की मामीनं मला कुशीत घेतलं. पण हा नियम माझ्या लॅपटॉपला कधी लागला नाही. मामाच्या लेखी तो डब्बा होता. "तुहा डब्बा घेतला का?" "डब्बा चालू झाला का?" आता डब्ब्याला कोण पांघरूण घालतो?

हे सगळं टोकाला गेलं चिखलीच्या एका लग्नात. मामानं सूर वर नेला, मीटर नव्वदला टेकला, आणि स्पीकरमधून असं तडतडलं की पहिल्या रांगेतल्या आज्जीनं कानावर हात ठेवले. माझी चूक एवढीच होती, की मामाच्या हट्टापायी मी बासरी आणि घुमणारा आवाज दोन्ही सोबत ठेवले होते. चार दिवसांनी मामानं खिशातून एक पेनड्राइव्ह काढून माझ्यासमोर धरला. आमच्याच गाण्यांचे तयार ट्रॅक त्यानं जालन्याच्या कोणाकडून तरी बनवून आणले होते.

म्हणाला, "आता एक खरखर झाली का मंग हे लावू. तू कोरसले उभी राह्य मामीसंग."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. दोन वर्षं डोळ्यांत तेल घालून त्या मीटरकडे पाहायचं, रात्रंदिवस एकेक टक्का कमी करायचा, आणि शेवटी कोरसला उभी राहा! पण पार्टी मामाची होती. त्यानं ठरवलं असतं तर मी काय करू शकत होते? म्हणजे पुढचा कार्यक्रम माझ्यासाठी परीक्षाच होता.

तो कार्यक्रम चिखली-देऊळगाव राजा रस्त्यावरच्या एका गावात होता. नवीन विहार बांधलं होतं, बुद्ध पौर्णिमेला त्याचं उद्घाटन, आणि सकाळी अकरापासून आमची गाणी. वैशाखातलं ऊन, वर मांडवाचं कापड, त्याखाली पत्र्याचं स्टेज. मी आदल्या दिवशी सगळा सेट पुन्हा हलका केला होता. ज्या गाण्यात बासरी नाही त्या गाण्यात बासरी उघडायचीच नाही, असं गाण्यागणिक वेगळं बांधलं होतं.

पहिला अर्धा भाग असा गेला, की माझा मलाच भरोसा बसेना. मीटर बेचाळीसच्या वर गेला नाही. मामाचा गळाही मोकळा होता. काकांनी ढोलकीवर एक तिहाई अशी टाकली की मांडवात शिट्ट्या पडल्या. मामानं एकदा वळून माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. मला वाटलं, चला, जिंकले.

मग सत्कार. मंडळाचे अध्यक्ष माइकवर आले. मामाला शाल, टाळ्या. काकांना शाल, टाळ्या. मामीला बायांनी फूल दिलं. आणि अध्यक्ष म्हणाले की सोबत कॉम्प्युटरवर ट्रॅक लावणाऱ्या ताईंचेही आभार. ट्रॅक लावणाऱ्या! मी मामाकडे पाहिलं. माइक त्याच्या हातभर अंतरावर होता. एक वाक्य बोलायचं होतं त्याला, एक. तो शालीची घडी नीट करत उभा राहिला.

जेवणाची सुट्टी झाली. माझा जीव इतका जळत होता की पंगतीत बसायची इच्छाच नव्हती. स्टेजवरून उतरताना मी तिघांनाही बजावलं की लॅपटॉपला हात लावू नका, आणि झाकण तर मुळीच लावू नका. झाकण लागलं की तो झोपतो, आणि सगळे आवाज पुन्हा चढायला दहा मिनिटं जातात. का, कशासाठी, ते काही सांगितलं नाही. नुसता हुकूम दिला आणि विहाराच्या मागं लिंबाखाली जाऊन बसले. मामी ताट घेऊन आली, तिलाही वापस पाठवली. अर्धा तास मी मनातल्या मनात मामाशी भांडत होते आणि प्रत्येक वेळी मीच जिंकत होते.

माइकवर मामाचा आवाज आला तेव्हा मी धावत गेले. तो सुरुवातीचा आलाप घेत होता. स्टेजवर चढले. लॅपटॉप दिसतच नव्हता. त्याच्यावर सत्काराची जाड मरून शाल नीट चारही बाजूंनी ओढून घातलेली, झाकण उघडंच असल्यामुळे वर तंबूसारखी उभी. मी शाल ओढून काढली. लॅपटॉपचा खालचा पत्रा असा तापला होता की बोट ठेववेना. आतला पंखा रडत होता. त्या उन्हात, अर्धा तास, पूर्ण जोरात चालू ठेवलेला लॅपटॉप कोणीतरी शालीत गुंडाळून ठेवला होता!

लॅपटॉप फार तापला की स्वतःला वाचवायला चाल कमी करतो. म्हणजे प्रोसेसर निम्म्यावर आलेला, आणि गाणी मी पूर्ण ताकदीवर बांधलेली. पहिला सूर दाबला आणि मीटर एकदम अठ्ठ्याहत्तर.

एका हातानं वाजवत दुसऱ्या हातानं मी सामान खाली टाकायला लागले. आधी घुमक बंद केली. आवाज कोरडा झाला, पण मीटर सत्तरवर आला. कडव्याला पुन्हा पंच्याऐंशी. व्हायोलिनं बंद केली. बेस बंद केला. सोळा सुरांची हद्द सहावर आणली. आता उरली फक्त पेटी, मामाचीच पेटी, आणि तिलाही तो लॅपटॉप दमून दमून उचलत होता. मामा सूर वर न्यायला लागला. मला ठाऊक होतं तो कुठं टेकणार आणि काय होणार. आणि झालं. तडतड, एकदा, मग पुन्हा.

मामानं गाता गाता माझ्याकडे पाहिलं. त्याचा डावा हात शर्टाच्या खिशाकडे गेला. पेनड्राइव्ह त्या खिशात होता.

मी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले आणि मांडीवर ठेवले.

खरं सांगायचं तर त्यात अक्कल अर्धीच होती. काही वाजवलं नाही तर लॅपटॉप दोन मिनिटांत जरा थंड होईल, हा हिशोब होता. बाकीचा अर्धा निव्वळ राग होता. लाव तुझा पेनड्राइव्ह, असा. मीटर चारवर उतरला. स्टेजवर फक्त काकांची ढोलकी आणि मामाचा गळा राहिला, आणि मांडवात एकदम सगळ्यांना कळलं की काहीतरी गेलं.

मामा थांबला नाही. तो तसाच, उघड्या गळ्यानं, पुढचं कडवं गायला लागला. अध्यक्ष लगबगीनं स्टेजवर आले, माझ्याजवळ वाकले आणि म्हणाले की ट्रॅक बंद पडला ताई, पहिल्यापासून लावा. त्यांच्या हातातला दुसरा माइक चालूच होता. सगळ्या मांडवानं ते ऐकलं.

मामानं कडवं तोडलं. काकांचा हात ढोलकीवर थांबला.

"ट्रॅक नाही तो," मामा माइकवर म्हणाला. "माही भाची वाजवते. तिनं हात उचलला म्हणून थांबलं."

अध्यक्ष मागं सरकले. मामा माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी मीटर पाहिला, पत्र्यावर बोट ठेवलं. बोट ठेववत होतं. मग मी पेटीचा एकच सूर दिला, त्याचा सा. तो तिथून उचलून गायला लागला. व्हायोलिनं आम्ही शेवटपर्यंत पुन्हा उघडली नाहीत. सव्वा तास फक्त पेटी, ढोलकी आणि गळा. मीटर तिशीत राहिला, एकदाही तडतडलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर अध्यक्ष आले, दोन वेळा माफी मागितली, आणि म्हणाले की आजची गाणी एखाद्या पेनड्राइव्हमध्ये भरून मिळतील का. मामानं खिशात हात घालून पेनड्राइव्ह काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. ह्याच्यात ट्रॅक हायेत, तुमच्या पोरांले गायले कामी येतीन, आमाले आता पाह्यजे नाही, असं म्हणाला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पण माझा राग काही उतरला नव्हता. मी वायरी गुंडाळत होते आणि ती मरून शाल माझ्या खांद्यावर होती. काका ढोलकीला खोळ घालत होते, मामी पाणी पीत होती. मी शाल सगळ्यांसमोर धरली आणि विचारलं की हे कोणाचं डोकं. मला खात्री होती की मंडळातल्या कोणाचं तरी असणार, नाहीतर फार तर मामीचं, धूळ बसू नये म्हणून.

"म्या टाकली," मामा म्हणाला.

मला आधी खरंच वाटेना. मग मी जे सुरू केलं ते पुढची पाच मिनिटं थांबलं नाही. तुला एवढंही कळत नाही का, उन्हात चालू मशीन कोणी गुंडाळतं का, माझं वाटोळं करायला निघाला होतास, आणि वरून खिशात पेनड्राइव्ह घेऊन! मामी हातानं बस बस करत होती. मामा मान खाली घालून ऐकत होता, आणि हे त्यानं जन्मात कधी केलं नव्हतं.

माझं संपल्यावर तो म्हणाला, "झाकण लावू नका म्हणली, ते नाही लावलं. पन वाद्य उघडं कसं सोडू?"

वाद्य म्हणाला तो. डब्बा नाही. स्वतःच्या सत्काराची शाल, घडी मोडून, वाद्यावर. मला ते ऐकू आलं, पण मी इतकी तापलेली होते की तेही मी त्याच्याच अंगावर फेकलं. वाद्य गरम होतं मामा, म्हणाले. त्याला खालून हवा लागते. गरम झालं की ते ओढत नाही, तीच तुझी खरखर.

मामानं मान वर केली. आता राग त्याच्या तोंडावर होता, आणि तो माझ्यापेक्षा मोठा होता.

"बत्तीस वर्षं म्या गाड्या थंड्या केल्या," तो म्हणाला. "राजूर घाटात गाडी तापली तं बोनेट उघडून कितीक डाव बसलो. गरम इंजिन वढत नाही, हे तू मले शिकवतं? दोन वर्षं झाले, एका शब्दानं सांगतलं नाही तू, का हे तापते. मले वाटे तुलेच वाजवता येत नाही."

मी गुंडाळलेली वायर सोडून पुन्हा गुंडाळायला लागले.

"मले तुह्या डब्ब्यावर भरोसा नव्हता, कबूल हाय," मामा म्हणाला. "पन तुले तं माह्या डोक्यावर नव्हता."

काकांनी ढोलकी उचलली आणि जीपकडे चालते झाले. मामी त्यांच्या मागून गेली. मी त्या दुपारपासून अध्यक्षांवर, व्हिडिओतल्या शहाण्यांवर, ट्रॅक विचारणाऱ्या सगळ्या जगावर चिडलेली होते, की समोर वाजवणारी बाई बसली आहे तरी ह्यांना ती दिसत नाही. आणि इकडे माझ्या घरातला माणूस, ज्याच्या कानानं एका ओळीत ओळखलं की मी मागून येते आहे, त्याला मी दोन वर्षं काही कळणार नाही असं धरून चालले होते.

मामानं काकांची ढोलकी ठेवायची कापडाची चुंबळ उचलली, टेबलावर ठेवली, त्यावर लॅपटॉप ठेवून खालून हात घालून पाहिला. हवा जात होती. मग माझ्याकडे न बघताच त्यानं स्क्रीनच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं की हा काटा किती चढला की गाडी घाटात अडते.

सत्तर, मी म्हणाले.